'मुदत' आणि अध्याहार : चाकांवरील घरातील कोरड्या शिध्याविषयी

खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर छापलेली तारीख हा भाषाशास्त्राच्या अभ्यासाचा विषय होऊ शकेल, असे प्रथमदर्शनी कोणास वाटणार नाही. तो अन्नशास्त्राचा, फार तर ग्राहकविषयक कायद्याचा प्रश्न समजला जातो. तथापि ती तारीख वाचणारा मनुष्य बहुधा अन्नशास्त्रज्ञ नसतो. तो एक वाक्य वाचीत असतो, आणि त्या वाक्याचा जो अर्थ त्याला लागतो त्यावर विसंबून तो डबा उघडतो किंवा फेकून देतो. हे वाक्य जवळजवळ नेहमीच अपूर्ण असते. त्यातील एक महत्त्वाचे अंग वाचकाने अध्याहृत धरावे अशी अपेक्षा असते. पक्क्या घरात राहणाऱ्या वाचकाला हा अध्याहार न करताही निभावून नेता येते, कारण जे अंग वाक्यात नाही ते घराच्या भिंती पुरवितात. ज्याचे घर चाकांवर आहे त्याला मात्र ही सवलत नाही. म्हणून या वाक्याची परीक्षा करावयाची तर कॅम्परमधील फडताळ हीच तिची योग्य जागा होय.

कॅम्पर म्हणजे निजण्याची, स्वयंपाकाची व शिधा ठेवण्याची सोय असलेले वाहन. अमेरिकेत त्याला अनेक नावे आहेत. ब्रिटनमध्ये मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या अशा घराला 'कॅरॅव्हॅन' म्हणतात. हा शब्द मूळचा फारसी 'कारवान'. उंटांच्या तांड्याचे हे नाव युरोपात जाऊन चाकांवरील घराचे झाले, आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या पर्यटनधोरणातून त्या नव्या अर्थाने ते मराठीत आले. अर्थात या वाहनांचा खरा प्रदेश अमेरिकाच. उत्तरेकडील राज्यांतील हजारो निवृत्त लोक हिवाळ्यात आपले बिऱ्हाड घेऊन ॲरिझोनातील क्वार्टझ्साइटसारख्या वाळवंटी गावांच्या परिसरात उतरतात व उन्हाळ्यापूर्वी परततात. कित्येक जण वाहन तेथेच बंद करून ठेवतात. मग वाहनाच्या फडताळात राहिलेले तांदूळ, कडधान्ये, पीठ, तेल आणि डबाबंद भाज्या, मासे, सूप यांचे काय होते? पुढच्या हंगामात ते खाण्यायोग्य असतात काय? डब्यावरची तारीख तर अजून दोन वर्षे पुढची असते.

आता त्या तारखेच्या वाक्याकडे वळू. इंग्रजी वेष्टनांवर मुख्यतः तीन सूत्रे आढळतात : 'सेल बाय', 'यूज बाय' आणि 'बेस्ट बिफोर'. पहिले सूत्र दुकानदाराला उद्देशून आहे. ग्राहक ते चोरून ऐकतो एवढेच. दुसरे आज्ञार्थी आहे. तिसऱ्यात क्रियापदच नाही, आहे ते पदार्थाविषयीचे विशेषण. ब्रिटनमध्ये या व्याकरणभेदामागे कायद्याचा भेद उभा आहे : 'यूज बाय' ही सुरक्षिततेची सीमा, 'बेस्ट बिफोर' ही केवळ गुणवत्तेची. अमेरिकेत मात्र, एक अपवाद वगळता, अशी तारीख छापण्याची सक्ती संघराज्याच्या कायद्याने केलेली नाही. तो अपवाद तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीचा. इतर तारखा उत्पादक आपल्या अंदाजाने घालतो, आणि त्या बहुतांशी चवीच्या, रंगाच्या व पोताच्या असतात. हा गोंधळ कमी व्हावा म्हणून तेथील कृषिखात्याने डिसेंबर २०१६ मध्ये 'बेस्ट इफ यूज्ड बाय' हे एकच सूत्र वापरण्याची शिफारस केली. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये त्यापुढे जाऊन, ग्राहकाला दिसणारे 'सेल बाय' काढून टाकणारा व उरलेल्या दोन सूत्रांचे अर्थ बांधून देणारा कायदा केला; त्याच्या अंमलासाठी १ जुलै २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी निर्मितीची तारीख व अंतिम वापराची तारीख आवश्यक ठरविली, आणि 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक केले.

यांपैकी 'बेस्ट बिफोर'चे मराठीकरण विशेष उद्बोधक आहे. 'या तारखेपूर्वी वापरणे उत्तम' अशा धर्तीचे वाक्य सहज सुचते व निर्दोष वाटते. परंतु येथे 'उत्तम' हे विशेषण पदार्थावरून उचलून वापरण्याच्या क्रियेवर ठेवले गेले आहे. इंग्रजीत पदार्थ त्या तारखेपूर्वी उत्तम असतो, नंतर तो नुसता बरा असेल. मराठीत मात्र वापरणारा मनुष्य त्या तारखेपूर्वी वापरील तर उत्तम, म्हणजे शहाणपणाचे. 'अंधार पडण्यापूर्वी घाट उतरणे उत्तम' या वाक्यासारखाच त्याचा ध्वनी आहे, आणि अंधारानंतर घाटात काय होते हे सांगावे लागत नाही. गुणवत्तेचे विधान अशा रीतीने धोक्याच्या सूचनेत बदलते. बोलीने तर हा प्रश्न एका फटक्यात निकालात काढला आहे : 'डेट गेली.' कोणती डेट, कशाची, कोणी ठरविलेली, हे काहीच शिल्लक राहत नाही.

तथापि या सर्व सूत्रांत समान असलेले वैगुण्य याहून खोल आहे. पदार्थाचे टिकणे हे कालावर जितके अवलंबून तितकेच उष्णतेवर व ओलीवर अवलंबून असते. म्हणजे तारखेचे पूर्ण वाक्य संकेतार्थीच असावयास हवे : अमुक इतक्या उष्णतेत, अमुक इतक्या कोरड्या जागी ठेवल्यास अमुक काळपर्यंत. वेष्टनावर यातील उत्तरार्ध ठळक अक्षरांत एका बाजूस येतो. पूर्वार्ध 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' असा स्वतंत्र विध्यर्थी वाक्याचा वेष घेऊन दुसऱ्या बाजूस बारीक अक्षरांत बसतो. दोहोंना जोडणारा '-ल्यास' हा प्रत्यय नाहीसा झालेला असतो. परिणामी पहिले वाक्य हा नियम व दुसरे हा उपदेश, असे वाचकाला वाटते. आणि उपदेश मोडला तरी नियम अबाधित राहतो, अशी त्याची समजूत होते. अमेरिकी सूत्रातील 'इफ' हा शब्द पाहून समाधान मानण्याचेही कारण नाही, कारण ती अट पुन्हा कालाचीच आहे. 'थंड' हे विशेषणही सापेक्षच. जळगावच्या मे महिन्यात ते ज्या अर्थाने वापरले जाते त्या अर्थाने ते महाबळेश्वरात वापरले जात नाही.

दोन्ही अंगे असलेले वाक्य पाहावयाचे असल्यास ते सैन्याच्या भांडारात सापडते. अमेरिकी सैनिकांना दिल्या जाणाऱ्या तयार जेवणाच्या पाकिटांविषयीची अट अशी आहे : सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमानात ती किमान ३ वर्षे टिकली पाहिजेत आणि सुमारे ३८ अंशांत किमान ६ महिने. वाहनातील शिध्याविषयी विचार करणाऱ्याने हे एक वाक्य लक्षात ठेवले तरी त्याचे पुष्कळ काम होईल. अकरा अंशांच्या फरकाने छत्तीस महिन्यांचे सहा महिने झाले. रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांमागे स्थूलमानाने दुप्पट होतो, असा एक आडाखा व्हांट हॉफ यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्या हिशेबाने २० अंशांत वर्षभर चांगला राहणारा पदार्थ ३० अंशांत सहा महिने व ४० अंशांत तीन महिने चांगला राहील. सैन्याचे आकडे पाहता काही पदार्थांच्या बाबतीत हा हिशेबही उदारच म्हणावा लागेल.

कॅम्परच्या फडताळात किती उष्णता असते? ॲरिझोनातील फीनिक्स शहरात २०२३ साली ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंशांवर होते, आणि हे सावलीतील हवेचे तापमान होय. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीचा आतील भाग तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे २२ अंशांनी अधिक तापू शकतो व त्यातील बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी वैद्यकीय अभ्यासात दाखविले गेले. कॅम्परच्या भिंती मोटारीपेक्षा जाड असतात हे खरे; पण महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या वाहनात त्या जाडीचा आधार किती धरावा? अमेरिकेच्या कृषिखात्याचा सल्ला डबे सुमारे ३० अंशांखाली ठेवावेत असा आहे, आणि ३८ अंशांच्या वर पदार्थाची हानी होते असे ते बजावते. म्हणजे ॲरिझोनात उन्हाळाभर बंद ठेवलेल्या वाहनातील डब्यावरची तारीख ज्या अटीवर आधारलेली आहे ती अटच तेथे अस्तित्वात नसते.

अशा उष्णतेत डब्यात काय होते, याचे एक उदाहरण मराठी भाषकास मनोरंजक वाटेल. डबाबंद अन्नाला कारखान्यात दिलेली उष्णता रोगकारक जीवाणूंचा नाश करण्यास पुरेशी असते. पण अति उष्णतेतच वाढणाऱ्या काही निरुपद्रवी जीवाणूंचे बीजाणू तीतूनही वाचतात. घरातील तापमानात ते वर्षानुवर्षे निद्रिस्त असतात. तापमान बराच काळ ४० अंशांच्या वर राहिले म्हणजे जागे होतात व अन्न आंबवितात. विशेष असा की ही आंबण्याची क्रिया वायू निर्माण न करता होते. डबा फुगत नाही. मराठीत आंबणे आणि फुगणे ही जोडी इतकी पक्की आहे की इडलीच्या पिठापासून जिलबीच्या घोळापर्यंत एकाच्या उल्लेखाबरोबर दुसरे गृहीत धरले जाते. येथे ती जोडी फुटते. असे अन्न विषारी नसते. पण ते खाण्याच्या लायकीचेही राहत नाही, आणि डबा बाहेरून अगदी निरोगी दिसतो.

यावरून मराठीतील बिघाडवाचक क्रियापदांचा विचार सुचतो. हा शब्दवर्ग कमालीचा समृद्ध असून त्याचे निवडीचे नियम काटेकोर आहेत. दूध नासते, विटत नाही. शिजविलेली भाजी विटते व तिला तार सुटते, पण ती सादळत नाही. पापड, चिवडा आणि काड्यापेटी सादळतात. तेल, शेंगदाणे व सुके खोबरे खवट होते. धान्याला कीड लागते, पिठात अळ्या व जाळी होते, पावाला बुरशी येते, फळ सडते. पितळेच्या भांड्यात कल्हई उडाल्यावर ठेवलेले ताक कळकते. या क्रियापदांपैकी प्रत्येक जण केवळ 'बिघडले' असे सांगून थांबत नाही. पदार्थ कोणत्या जातीचा होता, बिघाडाचे कारण ओल होते की हवा, की भांड्याचा धातू, आणि तो बिघाड कोणत्या इंद्रियाने कळला, एवढे सर्व ते एका शब्दात सांगते. अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला 'खराब' हा शब्द आणि अलीकडचे 'एक्स्पायर होणे' यांनी हे सर्व भेद पुसून टाकले आहेत. नव्या पिढीतील वक्त्याला 'सादळणे' माहीत नसेल तर त्यात त्याचा दोष नाही. पण त्याच्याजवळचे एक उपकरण हरवले आहे, हे मात्र खरे.

कॅम्परमधील फडताळाची पाहणी या शब्दांच्या आधारे बऱ्याच अंशी करता येते. पॉलिश केलेला तांदूळ, साखर, मीठ, कोरड्या डाळी यांत पाण्याचा अंश इतका अल्प असतो की त्यांत जीवाणू वाढूच शकत नाहीत. कोरड्या ठेवल्यास सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांना मुदत नाही म्हटले तरी चालेल. उष्णतेने डाळी शिजण्यास हट्टी होतील, एवढेच. त्यांचा शत्रू ओल होय, आणि वाहनात ओल अनपेक्षित वाटेने येते. लहानशा बंद जागेत माणसे झोपतात व स्वयंपाक करतात. रात्री बाहेर थंडी पडली की श्वासाची व शिजविण्याची वाफ गार भिंतींवर जमून फडताळाच्या मागील बाजूने उतरते. म्हणून वाळवंटातसुद्धा बिस्किटे सादळतात. सादळलेले बिस्कीट खाल्ल्याने काही होत नाही. पण सादळणे ही पहिली पायरी आहे व बुरशी ही दुसरी. बुरशी आलेले धान्य किंवा शेंगदाणे पाखडून, निवडून वापरण्याची काटकसर करू नये, कारण बुरशीची काही विषे शिजविल्याने नाहीशी होत नाहीत.

खवटपणाची गोष्ट निराळी. त्याला ओल लागत नाही. हवा व उष्णता पुरते. गव्हाचे सबंध पीठ, हातसडीचा तांदूळ, शेंगदाण्याची चटणी, तिळाची पूड यांत स्निग्धांश असतो आणि तापलेल्या फडताळात तो झपाट्याने बिघडतो. बाजरीचे पीठ साध्या घरातही थोड्याच दिवसांत कडू होते, म्हणूनच ते बेताबेताने दळून आणण्याची रीत पडली. अमेरिकेतील मराठी कुटुंबे अशी वाहने भाड्याने घेऊन राष्ट्रीय उद्याने पाहावयास निघतात तेव्हा मेतकूट व भाजणी बरोबर नेतात. ही निवड शास्त्रालाही धरून आहे, कारण भाजल्याने ओल जाते. पण पंधरा दिवसांच्या प्रवासापुरतीच. पुढच्या वर्षासाठी उरलेले डबे वाहनात ठेवून देणे बरे नव्हे.

'कळकणे' हा शब्द तर डबाबंद अन्नाला तंतोतंत लागू पडतो. कल्हई म्हणजे कथलाचा लेप, आणि पत्र्याच्या डब्याला आतून दिलेला पारंपरिक लेपही कथलाचाच. टोमॅटो, अननस यांसारख्या आंबट पदार्थांतील अम्ल या धातूवर हळूहळू क्रिया करते. म्हणूनच थंड व कोरड्या जागी ठेवलेल्या आंबट पदार्थांच्या डब्यांसाठी अमेरिकी कृषिखाते १२ ते १८ महिन्यांचा काळ सांगते, तर मका, वाटाणे, मांस, मासे अशा कमी आंबट पदार्थांसाठी २ ते ५ वर्षांचा. आज बहुतेक डब्यांना आतून आणखी एक रोगण दिलेले असते. तरी आंबट पदार्थ अगोदर संपवावेत हा क्रम बदलत नाही. हे सर्व आकडे गुणवत्तेचे आहेत, आणि तापलेल्या वाहनात ते वर दिलेल्या हिशेबाने आखडतात. व्यवहारात असे धरणे योग्य होईल की एक कडक उन्हाळा वाहनात काढलेला डबा तारखेच्या दृष्टीने पुष्कळच म्हातारा झाला, आणि हंगाम संपताच फडताळ रिकामे करून शिधा घरात हलविणे हाच सोपा मार्ग होय. डबा एकदा उघडला की तर त्यावरच्या तारखेचा काही संबंध राहत नाही. शीतपेटीत कमी आंबट पदार्थ ३–४ दिवस व आंबट ५–७ दिवस राहतात. शीतपेटीबाहेर दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

येथपर्यंत मराठीचा शब्दसंग्रह उत्तम साथ देतो. परंतु त्याची एक मर्यादा आहे, आणि ती जीवघेणी ठरू शकते. वरील सर्व क्रियापदे इंद्रियगोचर बिघाडाची आहेत. जे नासले ते दिसते, जे विटले त्याचा वास येतो, जे खवट झाले ते जिभेला कळते. जे पाहून, हुंगून किंवा चाखून कळत नाही असे बिघडणे सांगणारे एकही क्रियापद त्यांत नाही. न्यायशास्त्राच्या अभ्यासकाला हा प्रश्न परिचित आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान होते. पण धूर नाही म्हणून अग्नी नाही, असे अनुमान होत नाही. त्यासाठी तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दृष्टान्त देतात : अग्नी आहे, धूर नाही. दुर्गंध आला तर अन्न टाकावे, हे बरोबर. दुर्गंध नाही म्हणून अन्न निर्दोष, हे अनुमान मात्र फसवे.

डबाबंद अन्नातील तापलेला गोळा म्हणजे बोट्युलिझमचे विष. ते निर्माण करणारा जीवाणू हवेशिवाय वाढतो, कमी आंबट पदार्थ त्याला मानवतात, आणि त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. म्हणून ज्यांची अम्लता पी-एच ४.६ च्या वर आहे, म्हणजे जे पुरेसे आंबट नाहीत, अशा पदार्थांच्या डब्याचा गाभा दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवून तेथे किमान तीन मिनिटे राखावा, किंवा त्याच्या तोडीची उष्णता द्यावी, असा कारखान्यांचा दंडक आहे. या विषाला वास नाही, चव नाही. बरोबर वाढलेल्या जीवाणूंमुळे कधी दुर्गंध येतो, कधी डबा फुगतो, कधी यांपैकी काहीच होत नाही. कारखान्यातून नीट तयार होऊन आलेल्या डब्यात हा धोका अत्यल्प असतो. तो खरोखर असतो घरी भरलेल्या बरण्यांत, आणि कॅम्परमधून फिरणाऱ्या अमेरिकी कुटुंबांत अशा बरण्या बरोबर नेण्याची चाल आहे. ओहायो राज्यातील लँकेस्टर येथे एप्रिल २०१५ मध्ये एका चर्चच्या सहभोजनात २९ जणांना बोट्युलिझम झाला व एक व्यक्ती मृत्यू पावली. कारण होते घरी बरणीत भरलेले बटाटे, जे दाबाखाली न शिजविता नुसत्या उकळत्या पाण्यात तापविले होते. त्या बटाट्यांची कोशिंबीर कोणाला विटलेली वाटली असती तर ती इतक्यांनी खाल्ली नसती. संशय आलेला डबा 'जरा चाखून पाहू' म्हणून उघडणे किती घातक आहे, हे यावरून दिसेल. येथे जिभेची साक्ष ग्राह्य नाही.

अशा रीतीने दोन निरनिराळे प्रश्न आहेत. पदार्थ चांगला आहे काय, या प्रश्नाला तारीख अंदाजाने व इंद्रिये बऱ्याच खात्रीने उत्तर देतात. पदार्थ सुरक्षित आहे काय, याचे उत्तर दोघांपाशीही नाही. ते पदार्थाच्या घडणीत आणि त्याच्या पूर्ववृत्तात आहे. मराठीत या दोन्ही प्रश्नांसाठी सध्या 'मुदत' हा एकच शब्द राबविला जातो. हा अरबी शब्द आपल्याकडे आला तो कर्जाच्या, सनदेच्या व कराराच्या भाषेतून. मुदत संपते ती एका ठरलेल्या दिवशी, हक्क संपतो तसा; ती उन्हाने लवकर संपत नाही की थंडीने लांबत नाही. 'शिदोरी' या शब्दाचे तसे नाही. दोन दिवसांची शिदोरी म्हटले की ती कोणी, केव्हा, कशाची केली हे घेणाऱ्याला ठाऊक असे. दशमी दुधात भिजविली आहे, भाकरी पाण्यात, म्हणून भाकरी आधी खावयाची, हा विवेक तिच्याबरोबरच बांधून दिला जाई. तेथे काल मोजला जात होता तो करण्याच्या क्षणापासून आणि वाटेच्या उन्हासकट.

पूर्ववृत्त सांगणारे चिन्ह निर्माण करता येत नाही असे नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही आरोग्यसेविकेला ते परिचित आहे. १९९६ पासून पोलिओच्या तोंडावाटे द्यावयाच्या लशीच्या कुपीवर एक वर्तुळ व त्यात एक फिकट चौकोन असलेली चिकटपट्टी येऊ लागली. उष्णता जितकी व जितका वेळ लागेल तितका तो चौकोन गडद होत जातो. तो भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला की लस टाकून द्यावयाची. हे चिन्ह काल व उष्णता यांची बेरीज दाखविते. त्यात काही अध्याहृत नाही. किराणा मालावर मात्र अशी पट्टी सहसा दिसत नाही, आणि तोपर्यंत निदान शब्दांनी तरी आपले काम करावे. 'थंड व कोरड्या जागी ठेवल्यास अमुक महिन्यापर्यंत चव कायम' या वाक्याला सध्याच्या दोन वाक्यांपेक्षा अधिक जागा लागत नाही. '-ल्यास' परत आल्याने अट व काल पुन्हा एका वाक्यात नांदू लागतात, आणि 'चव' या शब्दाने ते वाक्य सुरक्षिततेविषयी नाही हेही स्पष्ट होते. 'अंतिम वापराची तारीख' ही वेगळी राखावी व तिच्यासाठी 'यानंतर खाऊ नये' असे उघड निषेधाचे वाक्य योजावे.

वाहनात राहणाऱ्याला हे वाक्य स्वतःच पुरे करून घ्यावे लागते. त्यासाठी लागणारी साधने अल्प आहेत : फडताळात ठेवलेला, दिवसाचे कमाल व किमान तापमान दाखविणारा एक उष्णतामापक, आणि डब्यावर तो वाहनात ठेवल्याचा महिना लिहिण्यापुरती शाई. खाचखळग्यांतून डबे एकमेकांवर आपटतात. शिवणीवर पोचा आलेला किंवा ज्यात बोट बसेल इतका खोल पोचा पडलेला डबा टाकून द्यावा, कारण शिवण उकलल्यास आत हवा व जीवाणू शिरतात.

फुगलेल्या डब्याच्या बाबतीत या नोंदी विशेष उपयोगी पडतात. फुगणे हे वायूचे, म्हणून जीवाणूंचे लिंग मानले जाते; पण तो हेतू सव्यभिचार आहे. मिनेसोटासारख्या राज्यात हिवाळाभर बाहेर उभ्या असलेल्या वाहनात डब्यातील पाणी गोठून प्रसरण पावते आणि डबा जीवाणूंवाचूनही फुगतो. गोठल्यामुळेच तो फुगला अशी खात्री असेल व शिवण शाबूत असेल, तर तो शीतपेटीत वितळू द्यावा, मग उघडावा, आणि रूप किंवा वास नेहमीसारखा नसल्यास न चाखता टाकावा, असे अमेरिकी कृषिखाते सांगते. वाहनातच गोठून, वसंतात तेथेच वितळून पुन्हा ऊब लागलेला डबा मात्र न उघडता टाकावयाचा. वाहन एप्रिलमध्ये उघडणाऱ्याच्या हाती दोन डबे येतात : एक गोठून फुगलेला, एक कुजून फुगलेला. दोन्ही दिसावयास सारखेच असतात. त्या हिवाळ्यात फडताळातील पारा कोठवर उतरला होता आणि त्यानंतर तो केव्हा चढला, याची नोंद नसेल तर दोन्ही टाकून द्यावे लागतात.